सर्बिया: ताट आणि वास्तू एकाच फेरीत

दगडफूल

सर्बियाला निघणारे बरेच जण बघायच्या ठिकाणांची यादी वेगळी करतात आणि खायच्या पदार्थांची वेगळी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की या दोन याद्या एक करा. कुठल्या भागावर कोणाची सत्ता किती काळ होती हे तिथल्या छपरांवर दिसतं आणि ताटातही दिसतं. दोन्ही एका जागी पाहिलं तर देश फार लवकर उमगतो.

बेलग्रेडपासूनच घ्या. सावा नदी डॅन्यूबला मिळते त्या टेकाडावर कालेमेगदानचा किल्ला आहे. मुळात इथे सिंगिदुनुम ही रोमन छावणी होती. १५ व्या शतकाच्या सुरुवातीला सर्ब शासक स्तेफान लाझारेविचने इथे राजधानी आणली, १५२१ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानने ती जिंकली, आणि १८ व्या शतकात ऑस्ट्रियनांनी तोफांच्या युद्धाला साजेसे बुरूज व खंदक उभे केले. आज दिसणारी तटबंदी बरीचशी त्याच शतकातली. तटावरून नदीपल्याड झेमुन दिसतं. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आणि अलीकडच्या काठावर बेलग्रेडच्या किल्ल्यात १८६७ पर्यंत तुर्की शिबंदी होती. म्हणजे दोन साम्राज्यांची सीमा या पाण्यातून जात होती. सूर्य कलल्यावर तटावर बसून दोन्ही काठ नीट पाहावेत, पुढच्या प्रवासाचा नकाशा तिथेच समजतो. किल्ल्यातल्या रुझित्सा चर्चमध्ये जरूर जा. पहिल्या महायुद्धातल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या आणि तलवारी वापरून केलेली झुंबरं तिथे टांगलेली आहेत.

किल्ल्यातून उतरून जुन्या वस्तीत आलात की एका बुटक्या पांढऱ्या घरावर नुसतं प्रश्नचिन्ह दिसेल. ही १८२३ ची इमारत बेलग्रेडमधली सर्वांत जुनी काफाना. काफाना म्हणजे खाणं, पिणं, गप्पा, गाणी आणि तासन् तास बसणं हे सगळं एका छपराखाली. घराचा सांगाडा लाकडी, मधल्या जागा माती-विटांनी भरून वरून गिलावा केलेला, वरचा मजला थोडा पुढे आलेला, आत बुटकी स्टुलं आणि ठेंगणी टेबलं. अगदी समोर शहराचं मुख्य चर्च आहे. १८९२ मध्ये मालकाने काफानाला 'चर्चजवळची' अशा अर्थाचं नाव दिलं तेव्हा चर्चने हरकत घेतली. मालकाने तात्पुरतं प्रश्नचिन्ह लावलं, ते कायमचं राहिलं. मला मात्र नावाच्या गोष्टीपेक्षा तिथली खिडकी महत्त्वाची वाटते. तुम्ही तुर्की काळच्या धाटणीच्या घरात बसलेले असता आणि समोर १८३७ ते १८४० मध्ये प्रिन्स मिलोशने बांधलेल्या चर्चचा मनोरा असतो, पूर्ण मध्य युरोपीय वळणाचा. मधल्या १५-२० वर्षांत सर्बियाने तोंड कुठे वळवलं ते अरुंद गल्लीच्या दोन बाजूंना दिसतं.

तिथे काय खावं? सुरुवातीला प्रोया, म्हणजे मक्याच्या पिठाचा भाजलेला जाड पाव, आणि सोबत काइमाक. दूध तापवून उथळ भांड्यात ओततात, वर धरलेली साय काढून मीठ लावत थरावर थर रचतात. ताजा काइमाक गोडसर व मऊ, मुरलेला पिवळट आणि तीक्ष्ण. गरम प्रोयावर तो विरघळतो तेव्हा दुसऱ्या कशाची आठवण येत नाही. मांस खाणाऱ्यांनी साचखाली शिजवलेलं वासराचं किंवा कोकराचं मांस मागवावं. साच हे लोखंडाचं किंवा मातीचं घुमटाकार झाकण. खाली मांस-बटाटे, झाकणावर निखारे, आणि कित्येक तास धीर.

तिथून चार पावलांवर प्रिन्स मिलोशची पत्नी ल्युबित्सा हिचा वाडा आहे, १८२९ ते १८३१ मधला. बाहेर आलेल्या खिडक्या, आत बसायच्या बैठका, तुर्की पद्धतीचं न्हाणीघर. आणि थोडं वर चढून गेलात की १९०८ चं हॉटेल मोस्क्वा, दर्शनी भाग हिरव्या कौलकामाने मढवलेला. तिथे मोस्क्वा श्नित नावाचा केक मिळतो, त्यात अननस, बदाम आणि आंबट चेरी असतात. एका दुपारी एवढं सगळं पायी होतं.

नदी ओलांडून उत्तरेला व्होयवोदिना प्रांतात गेलं की चव बदलते. खसखस घातलेला श्त्रुडल, आलुबुखार भरलेले क्नेडले म्हणजे उकडलेले गोळे, पाप्रिकाश हा पाप्रिका घातलेला रस्सा, जाड कुलेन सॉसेज. इमारती बरोक. नोवी साद शहरासमोरचा पेत्रोवारादिन किल्ला १६९२ पासून १७८० पर्यंत बांधला जात होता. त्याच्या पोटात चार पातळ्यांवर सुमारे १६ किलोमीटरचे बोगदे आहेत. मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, डॅन्यूबमधल्या नावाड्यांना दुरून तास कळावा म्हणून.

तिथून जवळ स्रेम्स्की कार्लोव्त्सी हे छोटं गाव आहे. माझं सर्वांत आवडतं. १६९९ मध्ये इथे झालेल्या तहाने तुर्कांनी हंगेरीचा बहुतांश मुलूख सोडला. वाटाघाटींच्या जागी आता एक चॅपल आहे, तंबूची आठवण देणारं गोल, चारही बाजूंना दारं असलेलं. चौकात बरोक चर्च, कारंजं आणि १७९१ मध्ये स्थापन झालेली जुनी शाळा. इथली खासियत बेर्मेत: वनस्पती, मसाले आणि फळं मुरवलेली गोड वाइन. तिच्यासोबत कुग्लोफ केकचा तुकडा. चौकात बसून हे दोन्ही घ्यावं आणि कुठेही जायची घाई करू नये.

दक्षिणेकडच्या मठांबद्दल लिहायचंच राहिलं आहे. ज्यांनी पाहिलेत त्यांनी लिहावं, मी भर घालीन.

शेवंती

सुरेख लिहिलंय. वास्तूंचा भाग वाचून जायची फार इच्छा झाली, पण आम्ही घरी सगळे शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. जिथे तिथे ग्रिल असं ऐकून आहे. नुसत्या सॅलडवर दिवस काढावे लागतील का?

व्हिएन्नावासी

शेवंतीताई, अजिबात नाही. मी व्हिएन्नात राहते, इथे सर्बियन लोक खूप आहेत आणि शेजारच्या कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन शिकलेलं सांगते.

ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास हा तुमचा आधार. श्रद्धाळू लोक वर्षभर बुधवार-शुक्रवार पाळतात. शिवाय ईस्टरच्या आधीचे सुमारे सात आठवडे, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी (त्यांचा ख्रिसमस ७ जानेवारीला) आणि १४ ते २७ ऑगस्ट. या काळात मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. म्हणून पिढ्यान् पिढ्या त्या बायकांनी बिनदुधाचा, बिनअंड्याचा अख्खा स्वयंपाक रचला आहे. हॉटेलात 'पोस्नो', म्हणजे उपवासाचं, म्हणून मागा. फक्त एक ध्यानात ठेवा, पोस्नो जेवणात मासा चालतो. त्यामुळे 'बेझ मेसा, बेझ रिबे' असं दोन्ही सांगा, म्हणजे मांस नको आणि मासाही नको.

आता पदार्थ. प्रेब्रानात्स पहिला. मोठा पांढरा घेवडा उकडून, भरपूर कांदा तेलात परतून, लाल पाप्रिका घालून मातीच्या भांड्यात भट्टीत लावतात. वरचा थर थोडा करपलेला हवा. काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात म्हणून विचारून घ्या. साध्या पासुल्य म्हणजे घेवड्याच्या आमटीत बहुधा खारवलेलं मांस असतं, ती पोस्नो असेल तरच घ्या. भाताचं आणि अक्रोडाचं सारण भरलेली कोबीची सार्मा उपवासाला करतात. भाजलेल्या मिरच्या लसणात मुरवतात. आणि आयवार तर हवाच.

आयवारबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो नुसता चटणीसारखा फासायचा पदार्थ आहे असं समजून लोक पुढे जातात. सप्टेंबरमध्ये बाजारात लाल लांबट मिरच्या गोण्यांनी येतात, दक्षिणेतल्या लेस्कोवात्सकडच्या नावाजलेल्या. भरितासाठी आपण वांगं भाजतो तशी एकेक मिरची विस्तवावर काळी होईपर्यंत भाजायची, झाकून ठेवायची, साल काढायची, बिया काढायच्या, रात्रभर निथळायची, मग दळून मोठ्या पातेल्यात सूर्यफुलाच्या तेलात ढवळत शिजवायची. ढवळणं थांबवायचं नाही. त्या आठवड्यांत गल्ल्यांत, इमारतींच्या अंगणांत, गॅलऱ्यांतसुद्धा धूर आणि मिरच्यांचा वास असतो. कुणी एकटं करत नाही, शेजारणी मिळून करतात. बरण्या हिवाळाभर पुरतात.

दूध चालत असेल तर मग प्रश्नच नाही. झेल्यानित्सा म्हणजे पापुद्र्यांत पालक-चीज भरून भाजलेला पदार्थ, टोमॅटो-काकडीवर चीज किसलेलं शोप्स्का सॅलड, काइमाक. गिबानित्सा या चीजच्या पापुद्र्यांच्या पदार्थात मात्र अंडं असतं, झेल्यानित्सातही बहुधा असतं, सासूबाईंना विचारल्याशिवाय देऊ नका.

ओळंबा

मठांबद्दल मी लिहितो. व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

सर्बियात एकच मठ पाहायला वेळ असेल तर स्तुदेनित्सा. राष्का भागातल्या डोंगरांत आहे. सर्ब शासक स्तेफान नेमान्याने १२ व्या शतकाच्या अखेरीस बांधला, १९८६ पासून जागतिक वारसा. गोल आवार, आणि मधोमध जवळच्या रादोचेलो डोंगरातल्या पांढऱ्या संगमरवरात मढवलेलं मुख्य चर्च. बाहेरून पाहिलंत तर दरवाज्या-खिडक्यांभोवतीचं कोरीव काम एड्रियाटिक किनाऱ्याकडून आलेल्या रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन पश्चिम युरोपीय वळणाच्या, कारागिरांच्या हातचं: वेली, प्राणी, मानवी मुखं. वर घुमट मात्र बायझंटाइन. आत पाऊल टाकलंत की पूर्ण पूर्वेचं जग. यालाच राष्का शैली म्हणतात. दगडफूल यांनी साम्राज्यांच्या सीमेबद्दल लिहिलं, ती सीमा तुर्क यायच्या आधीही होती, रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपलची. स्तुदेनित्साच्या भिंतीची बाहेरची बाजू एकीकडे आणि आतली दुसरीकडे.

आत पश्चिमेच्या भिंतीवर १२०८-०९ चं क्रूसारोहणाचं चित्र आहे. त्याची निळी पार्श्वभूमी मी कितीही वर्णन केली तरी अपुरी पडेल. येशूच्या देहाचा बाक, मेरीचा कललेला चेहरा, आणि मागे खोल, शांत निळा. युरोपात या सुमारास एवढ्या संयमाने काढलेली भित्तिचित्रं फार थोडी आहेत. फ्लॅश लावून फोटो काढू नका, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत किमान १० मिनिटं उभे राहा. बाजूला राजा मिलुतिनने १३१४ मध्ये बांधलेलं छोटं चर्च आहे, त्यातली चित्रं वेगळ्या हातांची, अधिक गजबजलेली. दोन्हींत १०० वर्षांचं अंतर आहे, सलग पाहिलीत तर ते जाणवतं.

धाग्याच्या विषयाला धरून सांगायचं तर आवारातल्या भोजनगृहाकडे लोकांचं लक्ष जात नाही. नेमान्याचा मुलगा संत सावा याने या मठासाठी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थनेइतकाच जेवणाचा विचार आहे: केव्हा, काय, उपवासाला काय कमी. भोजनगृह चर्चच्या समोर येतं. भक्ती आणि भूक एकाच आखणीत बसवलेली.

वेळ असेल तर सोपोचानी (१९७९ चा जागतिक वारसा, मेरीच्या देहत्यागाचं भव्य चित्र) आणि मोरावा खोऱ्यातलं मानासिया. मानासिया स्तेफान लाझारेविचने १४०७ ते १४१८ मध्ये बांधलं, भोवती ११ बुरुजांचा कोट आहे. तुर्क जवळ येत होते, मठालाही किल्ला व्हावं लागलं.

दगडफूल

ओळंबा, भोजनगृहाचा मुद्दा फार आवडला. त्याच धाग्याने एक विचारतो, लाकडी घरं पाहिलीत का? माझ्या मते सर्बियन स्वयंपाक समजायला झ्लातिबोर डोंगरातल्या सिरोगोयनो गावचं उघड्यावरचं संग्रहालय पाहायलाच हवं.

ओळंबा

पाहिलंय, आणि तुमच्याशी पूर्ण सहमत. आसपासच्या खेड्यांतली जुनी घरं उतरवून तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत. मुख्य घर ओंडक्यांचं, छप्पर फार उभट आणि फळकुटांचं, कारण हिमवर्षाव भरपूर. आत पहिल्या खोलीत मधोमध चूल आणि धुराला छपरातच वाट. धुरात मांस टांगलेलं. मोठ्या एकत्र कुटुंबात लग्न झालेल्या जोडप्यांना निजायला अंगणात छोट्या खोल्या बांधत, त्यांना वायात म्हणतात. जेवण मात्र सगळ्यांचं मोठ्या घरातच. दुधासाठी वेगळी झोपडी, धान्यासाठी वेगळं कोठार, मक्यासाठी फटी ठेवलेली कणगी, फळं वाळवायला वेगळी खोली. अन्नाच्या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र इमारत. काइमाक कुठे धरत हे त्या दुधाच्या झोपडीत उभं राहिल्यावर कळतं: थंड, हवेशीर, सावलीत.

कोरडवाहू

लेख आणि प्रतिसाद चांगले आहेत, पण एक स्पष्ट मतभेद नोंदवतो. बुरेक (सारण भरलेले भाजलेले पापुद्रे) तुर्की, सार्मा तुर्की, चेवापी (खिम्याचे भाजलेले लांबट तुकडे) तुर्की वळणाचे, श्त्रुडल ऑस्ट्रियन, पाप्रिकाश हंगेरियन. यात सर्बियन परंपरा म्हणावं असं काय आहे? सगळं दुसऱ्यांचं आणून त्यावर नाव लावलेलं. वास्तूंचंही तेच. उत्तरेकडच्या सुबोतित्सा शहराची जी इमारत सगळे फोटोत टाकतात ती हंगेरियन शैलीची.

दगडफूल

कोरडवाहू, मतभेद रास्त आहे पण निष्कर्ष मला पटत नाही. पदार्थ कुठून आला एवढ्याने परंपरा ठरत नाही, तो पुढे कुणी, कशाने आणि कधी केला यानेही ठरते. मिरची आणि मका दोन्ही अमेरिकेतून युरोपात आले. तरी लेस्कोवात्सच्या मिरचीचा आयवार आणि पहाडातली प्रोया हे सर्बियन नाही असं कोण म्हणेल? ज्या कारादोर्देवा श्नित्सलाला लोक जुना राष्ट्रीय पदार्थ समजतात, म्हणजे काइमाक भरून गुंडाळलेलं तळलेलं मांस, तो २० व्या शतकाच्या मध्यातला आहे. तरी काइमाकशिवाय तो झाला नसता, आणि काइमाक त्या डोंगरांतल्या दुधाच्या झोपड्यांतूनच येतो.

सुबोतित्साचं म्हणाल तर होय, १९०८ ते १९१० मध्ये बांधलेलं नगरभवन आणि १९०२ चं सिनेगॉग, दोन्ही मार्सेल कोमोर आणि देझो याकब या जोडीची. हंगेरियन लोककलेतले ट्युलिप आणि हृदयं छताच्या काठावर, हंगेरीतल्या झोल्नाय कारखान्याची रंगीत कौलं. त्या शहरात आजही सर्ब, हंगेरियन, क्रोएट, बुन्येव्त्सी एकत्र राहतात. तिथल्या ताटातही ते दिसणारच. ते लपवून एक शुद्ध सर्बियन खाद्ययादी करणं मला खोटं वाटतं.

ओळंबा

बेलग्रेडच्या बायराक्ली मशिदीचं उदाहरण घ्या. १५७५ च्या सुमाराची. एकेकाळी शहरात डझनावारी मशिदी होत्या, त्यांतली ही एकच उरली. १७१७ ते १७३९ या ऑस्ट्रियन राजवटीत तिचं कॅथलिक चर्च केलं, नंतर पुन्हा मशीद. २००४ च्या दंगलीत जाळली गेली, दुरुस्त झाली, आज वापरात आहे. कोणाची म्हणाल ही इमारत? मी तिला बेलग्रेडची म्हणतो.

कोरडवाहू

मशिदीचा मुद्दा मान्य. पदार्थांबाबत माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. निदान हॉटेलांनी तरी मूळ लिहावं.

व्हिएन्नावासी

मूळ सर्बियन काय असं विचाराल तर मी पदार्थाऐवजी प्रसंग सांगेन: स्लावा. प्रत्येक कुटुंबाचा एक संत असतो, तो वडिलांकडून मुलाकडे जातो, आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस घरी साजरा होतो. २०१४ मध्ये युनेस्कोने तो अमूर्त वारसा म्हणून नोंदवला. मेणबत्ती, वाइन, नक्षी केलेला गोल पाव, आणि झितो: उकडलेला गहू दळून त्यात अक्रोड आणि साखर. दारातून आल्यावर आधी चमचाभर झितो घ्यायचं. आमच्या शेजाऱ्यांचा संत निकोला, दिवस १९ डिसेंबर. तो नेहमी उपवासाच्या काळात येतो म्हणून त्यांच्या टेबलावर मांस नसतं: मासे, प्रेब्रानात्स, घेवड्याचं सॅलड, अक्रोडाच्या पोस्नो वड्या. आणि स्लावाला आमंत्रण पाठवत नाहीत. ज्यांना माहीत आहे त्यांनी यायचं. दिवसभर दार उघडं असतं आणि घरातली बाई बसलेली मला कधी दिसली नाही. तुम्हाला कुणी सर्बियन ओळखीच्याने दिवस सांगितला तर तेच आमंत्रण समजा आणि जा. वाइनची बाटली किंवा कॉफी न्यावी.

नावाडी

डॅन्यूबचा खालचा भाग कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. बेलग्रेडहून पूर्वेला गाडीने गेलात तर आधी स्मेदेरेवो लागतं. जुराज ब्रांकोविचने १४२८ पासून बांधलेला सपाट जागेवरचा प्रचंड किल्ला. पुढे गोलुबात्स, इथून डॅन्यूब लोखंडी दरवाजा म्हणतात त्या घळीत शिरतो. दहा बुरूज कड्याला चिकटून चढत गेलेले. पूर्वी मुख्य रस्ता या किल्ल्याच्या दारांतूनच जायचा, ट्रकही जायचे. आता वळसा घालून बोगदा काढला आहे आणि डागडुजी होऊन २०१९ मध्ये किल्ला खुला झाला. काहींना नवा दगड फार उजळ वाटतो. मला वाटतं ट्रकच्या धक्क्यांनी तो पडण्यापेक्षा हे शतपटीने बरं. जेर्दाप धरणामुळे पाणी चढून खालचा भाग मात्र बुडालेला आहे.

त्याच धरणामुळे लेपेन्स्की वीर उचलून सुमारे ३० मीटर वर नेलं. नदीकाठची मध्याश्मयुगीन वस्ती, १९६० च्या दशकात द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी उत्खनन केलं. प्रत्येक घर समलंब आकाराचं, सगळ्यांची रुंद बाजू नदीकडे, जमीन तांबूस चुनखडीच्या गिलाव्याची, मधोमध दगडांनी बांधलेली लांबट चूल. चुलीजवळ नदीतल्या गोट्यांवर कोरलेले चेहरे, ओठ आणि डोळे माशासारखे. दगडफूल यांचं म्हणणं की अन्न आणि वास्तू एकत्र पाहा, त्याचा याहून जुना दाखला मला माहीत नाही. मासे खाऊन जगणाऱ्यांनी चुलीभोवती घर आखलं आणि माशाचा चेहरा देवाला दिला असं तिथे उभं राहून वाटतं. या काठांवर रिब्ल्या चोर्बा म्हणजे माशांचं सूप मागवा. कार्प, कॅटफिश, पाप्रिका, लाल आणि तिखट, भांडं टेबलावरच आणून ठेवतात. पाव भरपूर घ्या.

मुलखावेगळी

दक्षिणेकडच्या निश शहराबद्दल विचारायचं होतं. मुलगी नऊ वर्षांची आहे. कवट्यांचा मनोरा दाखवावा का?

नावाडी

आधी तिला गोष्ट सांगा, मग तिलाच ठरवू द्या. १८०९ मध्ये चेगारच्या लढाईत सर्ब बंडखोरांचा पराभव झाला. त्यांचा नेता स्तेवान सिंजेलिचने दारूगोळ्याला आग लावून स्वतःसह शत्रूला उडवलं. नंतर तुर्की सेनापतीने मेलेल्यांच्या कवट्या मनोऱ्यात चिणल्या. मुळात ९५२ होत्या, आज ५८ उरल्या आहेत, बाकीच्या जागी खळगे आहेत. १८९२ मध्ये भोवती चॅपल बांधलं. जागा शांत आहे, आदराने ठेवलेली आहे. मुलीला नको वाटलं तर १८ व्या शतकातला तुर्की किल्ला आणि तांबटांची जुनी गल्ली बघा. सकाळी बुरेक आणि सोबत पातळ दही. निशचा बुरेक सर्बियात सर्वांत नावाजलेला. चीजचाही मिळतो, तो मुलं आवडीने खातात.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा विचार आता असा: बेलग्रेड, कार्लोव्त्सी, मग झ्लातिबोर आणि स्तुदेनित्सा. व्हिसाचं काय? आणि सासूबाईंना चालायचा त्रास आहे, कालेमेगदान जमेल का?

दगडफूल

भारतीय पासपोर्टला जानेवारी २०२३ पासून व्हिसा लागतो. वैध शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा व्हिसा असेल तर त्यावर ९० दिवसांपर्यंत राहता येतं, तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. चलन दिनार, युरो दुकानात घेत नाहीत, खेड्यांत रोख ठेवा. बेलग्रेडमधला सार्वजनिक प्रवास २०२५ पासून मोफत आहे.

कालेमेगदानचं वरचं आवार म्हणजे बाग आहे, सपाट वाटा आणि बाकं आहेत, तेवढं सहज जमेल. रुझित्सा चर्चकडे उतार आहे, हात धरून न्या. काफानांमध्ये आत सिगारेट ओढतात, म्हणून सासूबाईंसाठी अंगणातली टेबलं मागा. मठांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

झ्लातिबोरकडे जाताना उझित्से लागतं. तिथे सकाळी कोम्प्लेत लेपिन्या खातात. गरम पाव कापून आत काइमाक आणि अंडं घालून भट्टीत लावतात, वरून मांसाचा रस ओततात. तो तुमच्यासाठी नाही, काइमाक लावलेली साधी लेपिन्या मागा. जवळच झ्लाकुसा गाव आहे. तिथले कुंभार मातीत कॅल्साइट कुटून मिसळतात आणि हाताने फिरवायच्या चाकावर भांडी घडवतात, २०२० मध्ये युनेस्कोने ही कला नोंदवली. थेट विस्तवावर ठेवता येणारी भांडी आहेत. लग्नातला कोबी, मोठे तुकडे आणि अनेक प्रकारचं मांस, अशाच भांड्यांत तासन् तास शिजतो.

शेवंती

त्या भांड्यात प्रेब्रानात्स होईल ना? एक घेऊन यायचा विचार आहे.

व्हिएन्नावासी

होईल, त्यातच खरा होतो. झाकणाचं घ्या, मध्यम आकाराचं. विमानात हातातल्या सामानात ठेवा, कपड्यांत गुंडाळून. घरी मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये वापरा, आणि गरम भांड्यावर गार पाणी ओतू नका. घेवडा मोठा पांढराच हवा, बाजारात 'तेतोवात्स' सांगून अर्धा किलो त्याच फेरीत घेऊन ठेवा.